भरलेली जखम आणि न गेलेला रोग

स्मरणिकेसाठी लेख मागितला की आपण सारे सहसा साधलेल्या उपचारांविषयी लिहितो. या वेळी मी माझ्या हातून निसटलेल्या एका निदानाविषयी लिहिणार आहे. त्यातून मी जे शिकलो ते पाठ्यपुस्तकात पूर्वीही होते. पण एका कुटुंबाने शिकवल्यावरच ते मला उमगले. विषय लैंगिक संसर्गाचा असल्यामुळे रुग्णांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

१९८८ सालचा ऑक्टोबर महिना. पेडणे तालुक्यात दवाखाना सुरू करून मला दोन वर्षे झाली होती. तेरेखोलकडचा एक तिशीतला तारवटी बोटीवरून रजेवर आला होता. तेरेखोल हे गाव गोव्याचे. पण ते नदीच्या उत्तर तीरावर वसलेले. जमिनीने ते महाराष्ट्रातल्या रेडीला जोडलेले आणि गोव्याच्या इतर भागात यायचे तर नदी ओलांडून केरीला उतरावे लागते. तसा तो नदी ओलांडून आला. जननेंद्रियावर एक लहानशी जखम होती. बूड कठीण, कडा स्वच्छ, वेदना मुळीच नाही. जांघेत अवधाण आले होते, तेही न दुखणारे. जखम दिसून चार-पाच दिवसच झाले होते.

मला शंका आली नाही असे नाही. मी रक्त व्हीडीआरएल तपासणीसाठी पाठवले. अहवाल ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ आला. मी निश्चिंत झालो आणि लावायला मलम दिले. तीन आठवड्यांनी तो मुद्दाम जखम दाखवायला आला. ती पूर्ण भरली होती. औषध लागू पडले म्हणून त्याने माझे आभार मानले आणि मी ते स्वीकारले.

पुढच्या मार्चमध्ये त्याची पत्नी गरोदरपणाच्या तपासणीसाठी आली. पाचवा महिना होता, कसलीही तक्रार नव्हती. नेहमीच्या तपासण्यांत तिची व्हीडीआरएल १:३२ इतक्या टायटरला रिॲक्टिव्ह निघाली. नवऱ्याला बोलावून त्याचे रक्त पुन्हा तपासले. तेही रिॲक्टिव्ह होते. ऑक्टोबरमध्ये मी ज्याला ‘काही नाही’ असे सांगितले होते, तो फिरंगोपदंश म्हणजे सिफिलिस होता.

या एका कुटुंबाने माझ्यापुढे चार प्रश्न ठेवले. उपचाराविना जखम भरली कशी? तपासणीने आधी ‘नाही’ का सांगितले? शरीर प्रतिकार करत असताना जंतू टिकले कसे? आणि पुढे जन्मलेल्या निरोगी बाळाचे रक्त रिॲक्टिव्ह का निघाले? चारही उत्तरे आपल्या प्रतिकारयंत्रणेच्या वागण्यात आहेत.

फिरंग नावाची नोंद

हा रोग आपल्याकडे कसा आला याची साक्ष त्याच्या नावातच आहे. सुश्रुतसंहितेत ‘उपदंश’ आहे. पण ‘फिरंग’ हा रोग सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या भावप्रकाशात येतो. युरोपात १४९५च्या सुमारास, नेपल्सवरील फ्रेंच स्वारीच्या वेळी, या रोगाची मोठी साथ उसळली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. फिरंग्यांबरोबर आलेल्या या रोगाला लोकांनी त्यांचेच नाव दिले. १५३४ साली गोव्यात आलेल्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात या रोगावर वापरल्या जाणाऱ्या चोपचिनीची चर्चा केली आहे. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला तो १७४६ साली. तोवर हा रोग या किनाऱ्यावर दोन शतके जुना झाला होता.

भावमिश्रांनी फिरंगाचे तीन प्रकार सांगितले आहेत: बाह्य, आभ्यंतर आणि बहिरंतर्भव. बाह्य प्रकार फोडासारखा, थोड्या वेदनेचा आणि सहज बरा होणारा. आभ्यंतर प्रकार सांध्यांत शिरून पीडा देणारा. पुढे नाक बसणे, हाडे झिजणे व वाकणे हे उपद्रवही त्यांनी नोंदवले आहेत. सूक्ष्मदर्शक नसताना केलेले हे निरीक्षण थक्क करणारे आहे. मात्र ज्यांना ते वेगळे प्रकार वाटले, त्यांतील बऱ्याचशा एकाच रोगाच्या लागोपाठ येणाऱ्या अवस्था होत्या, असे आज म्हणता येते. बाहेरचे सहज बरे झाले म्हणून आत काही उरले नाही, हा समज तेव्हाही सहज झाला असेल. चार शतकांनंतर, हाताशी प्रयोगशाळा असताना, माझाही तोच झाला.

जखम का भरली?

या रोगाचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी दाखवून दिला. तो मळसूत्रासारखा, सहा ते पंधरा मायक्रोमीटर लांब, पण इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्यासाठी डार्क फील्ड सूक्ष्मदर्शक लागतो. त्याची वाढ संथ आहे. आपल्या आतड्यातले ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. याला तीस तासांहून अधिक लागतात. म्हणूनच संसर्ग आणि जखम यांच्यामध्ये सरासरी तीन आठवडे जातात; हा काळ नऊपासून नव्वद दिवसांपर्यंत असू शकतो.

त्वचेच्या न दिसणाऱ्या ओरखड्यातून जंतू आत शिरतो आणि जखम उमटण्याच्या पुष्कळ आधी, काही तासांतच, लसिका व रक्त यांत पोहोचतो. प्रवेशाच्या जागी उरलेले जंतू तिथेच वाढत राहतात. तिथल्या डेंड्रायटिक पेशी त्यांचे अंश उचलून जवळच्या लसिका ग्रंथींकडे नेतात. अवधाण येते ते यामुळे. ग्रंथींमध्ये टी पेशींना ओळख पटते आणि त्या जखमेच्या जागी धावतात. त्यांच्यातून सुटणारा गॅमा इंटरफेरॉन महाभक्षक पेशींना चेतवतो. याच सुमारास तयार होऊ लागलेली प्रतिपिंडे जंतूंना चिकटतात आणि महाभक्षक पेशी अशा खूण केलेल्या जंतूंना गिळतात.

या झटापटीत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजतात, त्यांची पोकळी अरुंद होते, वरच्या त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम होते. म्हणजे ती जखम जंतूंइतकीच आपल्या संरक्षणाचीही निर्मिती आहे. तीन ते सहा आठवड्यांत त्या जागचे बहुतेक जंतू मारले जातात आणि ती आपोआप भरते. माझ्या रुग्णाची जखमही अशीच भरली. मलमाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. त्याच्या शरीराने एक लढाई खरोखरच जिंकली होती. पण ती फक्त त्या जागेपुरती. रक्तातून आधीच पसरलेले जंतू त्या वेळी शरीरभर स्थिरावत होते.

जखमेभोवती जमलेल्या टी पेशींचा आणखी एक धोका ध्यानात ठेवावा. एचआयव्ही विषाणूला याच सीडी-४ पेशी हव्या असतात. त्यामुळे अशी जखम असताना एचआयव्हीची लागण होण्याचा संभव वाढतो. म्हणून अशा प्रत्येक रुग्णाला एचआयव्ही तपासणी सुचवलीच पाहिजे.

तपासणीने ‘नाही’ का सांगितले?

व्हीडीआरएल तपासणी जंतू शोधत नाही, प्रतिपिंडे शोधते. तीही जंतूविरुद्धची खास प्रतिपिंडे नव्हेत. तिचा इतिहास मनोरंजक आहे. १९०६ साली वासरमन आणि सहकाऱ्यांनी या रोगाची पहिली रक्ततपासणी काढली, तेव्हा त्यांनी रोगग्रस्त अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला. त्यात जंतूचेच द्रव्य काम करते असा समज होता. पुढे निरोगी ऊतींचा, बैलाच्या हृदयाचाही, अर्क चालतो असे दिसले. १९४१ साली मेरी पँगबॉर्न यांनी त्यातले मेदद्रव्य वेगळे केले, ते कार्डिओलिपिन. ते आपल्याच पेशींच्या मायटोकाँड्रियात असते. १९४६ साली आलेली व्हीडीआरएल याच द्रव्यावर आधारलेली आहे. जंतूमुळे पेशींची मोडतोड होते, मेदद्रव्ये उघडी पडतात आणि त्यांच्याविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे ही तपासणी मोजते.

ती मोजण्याइतकी वाढायला जखम दिसल्यापासून एक ते चार आठवडे लागतात. माझ्या रुग्णाचे रक्त मी चार-पाच दिवसांत घेतले होते. अहवाल खोटा नव्हता. मी प्रश्न वेळेआधी विचारला होता. प्रयोगशाळेला दोष देण्याचे काहीच कारण नव्हते.

उलट बाजूची फसगतही होते. दुसऱ्या अवस्थेत कधीकधी प्रतिपिंडे इतकी जास्त असतात की पातळ न केलेल्या रक्तद्रवात तपासणी नकारार्थी येते. याला प्रोझोन म्हणतात. तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस ठिपके आहेत आणि अहवाल ‘नाही’ म्हणतो, अशा वेळी रक्तद्रव पातळ करून पुन्हा तपासा, असे प्रयोगशाळेला आवर्जून सांगावे. शिवाय हिवताप, कुष्ठरोग, ल्यूपस, क्वचित गरोदरपणातही रोग नसताना ही तपासणी होकारार्थी येते. म्हणून टीपीएचएसारख्या जंतूविरोधी खास तपासणीची जोड लागते. आमच्या रुग्णांच्या बाबतीत तीही होकारार्थी आली.

जंतू टिकले कसे?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. दुसऱ्या अवस्थेत रक्तात प्रतिपिंडे भरपूर असतात आणि त्याच वेळी जंतूही शरीरभर पसरलेले असतात. पहारा सर्वांत कडक असताना चोर सर्वांत मोकळा, असा हा प्रकार.

त्याचे एक कारण जंतूच्या बाह्य आवरणात आहे. प्रतिपिंडांना पकडायला बाहेर प्रथिने लागतात. ई. कोलायच्या तुलनेत या जंतूच्या आवरणावर अशी प्रथिने सुमारे शंभरपटींनी कमी आहेत. प्रतिकारयंत्रणेला हमखास जागे करणारे लायपोपॉलिसॅकराइडही त्याच्याजवळ नाही. दाह निर्माण करणारी त्याची लायपोप्रथिने बहुतांशी आवरणाच्या आत दडलेली असतात आणि जंतू मेला, फुटला की मगच उघडी पडतात. १९९८ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा आणखी एक युक्ती समजून घेण्याची वाट मोकळी झाली. टीपीआरके नावाच्या त्याच्या प्रथिनात बदलते असे सात भाग आहेत. जनुकसंचात इतरत्र साठवलेले तुकडे आणून जंतू या भागांची रचना बदलत राहतो. शरीराने एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडे घडवावीत, तोवर दुसऱ्या रूपाचे जंतू तयार असतात. जुन्या रूपाचे मारले जातात, नव्या रूपाचे वाचतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, दीर्घकाळ लक्षणे नसणे म्हणजे रोग नसणे नव्हे. दोन, एकदा रोग होऊन उपचार झाले तरी कायमची प्रतिकारशक्ती येत नाही. पुन्हा लागण होऊ शकते. प्रभावी लस अद्याप निघालेली नाही यामागेही हेच कारण मोठे आहे. त्यातच हा जंतू प्रयोगशाळेत सलग वाढवणे २०१८ सालापर्यंत साधले नव्हते; सशाच्या शरीरातच तो वाढवावा लागे.

शरीरावर सोपवले तर?

शरीर प्रतिकार करतेच, मग त्यालाच संधी द्यावी, असे मानणारे एक थोर वैद्य होऊन गेले. ओस्लोचे सीझर बोक. पाऱ्याच्या उपचाराने शरीराचा स्वतःचा प्रतिकार खच्ची होतो असे त्यांचे मत होते. म्हणून १८९१ ते १९१० या काळात त्यांनी सुमारे दोन हजार रुग्णांना पारा न देता रुग्णालयात ठेवून केवळ लक्षणे ओसरू दिली. पारा विषारी होता, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. त्या रुग्णांचा पुढे दीर्घ पाठपुरावा झाला आणि १९५५ साली गेस्टलँड यांनी त्याचा सविस्तर अहवाल दिला. साधारण एक चतुर्थांश रुग्णांत दुसऱ्या अवस्थेची लक्षणे पुन्हा उलटली आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांत पुढे हाडे, त्वचा, हृदय-महाधमनी किंवा मज्जासंस्था यांचे उशिराचे विकार झाले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. दोन तृतीयांश रुग्णांत शरीराने रोगाला आयुष्यभर रोखून धरले. हा प्रतिकारयंत्रणेचा लहान पराक्रम नव्हे. पण उरलेल्यांत कोण असेल हे आधी सांगता येत नाही. आणि गर्भाच्या बाबतीत तर हा हिशेब लागूच होत नाही.

बाळाचे रक्त

आई नव्याने बाधित असेल तर जंतू वार ओलांडून गर्भात जाण्याचा धोका मोठा असतो. त्यातून गर्भपात, मृत बाळ, अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा जन्मजात सिफिलिस संभवतो. आमच्या या मुलीला (वयाने ती मला मुलीसारखीच होती) पाचव्या महिन्यात बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटची सुई दिली. संसर्गाचा नेमका काळ तिच्याबाबत सांगता येत नसल्याने आठवड्याच्या अंतराने आणखी दोन दिल्या. पेनिसिलिन वार ओलांडते, त्यामुळे आईबरोबर गर्भावरही उपचार होतात.

पहिल्या सुईनंतर त्याच संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला, अंग दुखू लागले. ही यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया. पेनिसिलिनने जंतू एकदम मरतात, त्यांची दडलेली लायपोप्रथिने बाहेर पडतात आणि इतके दिवस अंधारात असलेली प्रतिकारयंत्रणा खडबडून उठते. हा ताप पेनिसिलिनची ॲलर्जी नव्हे. तो साधारण एका दिवसात उतरतो. गरोदरपणात मात्र त्याने कळा येऊ शकतात, म्हणून तिला मी आधीच रुग्णालयात ठेवले होते. घाबरून तिच्या घरच्यांनी पुढच्या सुया नाकारल्या असत्या, तर माझी दुसरी चूक घडली असती. काय होईल हे आधी सांगितले होते म्हणून त्या टळल्या नाहीत.

मुलगा पूर्ण दिवसांचा, धडधाकट जन्मला. पण त्याचे रक्त रिॲक्टिव्ह निघाले आणि घरात पुन्हा रडारड झाली. याचेही उत्तर प्रतिपिंडांत आहे. आईची आयजीजी प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. निसर्गाने बाळाला दिलेली ती शिदोरीच. आयजीएम प्रतिपिंडे मात्र वार ओलांडत नाहीत. म्हणून नुसत्या होकारार्थी अहवालावरून बाळ बाधित ठरत नाही. बाळाची तपासणी, आईशी तुलना केलेले टायटर आणि त्याचा पुढचा प्रवास पाहावा लागतो. बाळाचे टायटर आईच्या चौपट किंवा अधिक असेल तर संसर्ग गृहीत धरावा. या बाळाचे टायटर आईपेक्षा कमी होते, तीन महिन्यांत आणखी घटले आणि सहाव्या महिन्यात तपासणी नकारार्थी आली. त्या दिवशी मला नीट झोप लागली.

आपल्यासाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे ८० लाख लोकांना सिफिलिसची नवी लागण झाली. हा रोग पुस्तकातच उरला आहे असे तरुण सहकाऱ्यांनी मानू नये. १९४३ साली महोनी यांनी पहिल्या चार रुग्णांना पेनिसिलिन दिले. तेव्हापासून आजवर हा जंतू त्याला प्रतिरोधी झालेला नाही, हे आपले भाग्य. ॲझिथ्रोमायसिनबाबत तसे म्हणता येत नाही.

माझ्या चुकीतून निघालेले नियम थोडके आहेत. न दुखणारी जननेंद्रियाची जखम दिसली तर पहिल्या नकारार्थी अहवालावर विसंबू नये. संशय दाट असेल तर तिथेच उपचार करावा आणि काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. जोडीदाराला बोलावल्याशिवाय उपचार पुरा झाला असे मानू नये. उपचारानंतर व्हीडीआरएलचे टायटर सहा ते बारा महिन्यांत निदान चौपट उतरले पाहिजे. टीपीएचए मात्र बहुधा आयुष्यभर होकारार्थी राहते, तिच्यासाठी पुन्हा पुन्हा सुया देऊ नयेत. प्रत्येक गरोदर स्त्रीची तपासणी पहिल्याच भेटीत करावी. आणि रुग्णाला लाज वाटेल असा एकही शब्द उच्चारू नये, कारण लाजलेला रुग्ण दुसऱ्यांदा नदी ओलांडून येत नाही. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तता राखून ही सोय मिळते, हेही त्याला सांगावे.

त्या तारवट्याचा केसपेपर मी जपून ठेवला आहे. ऑक्टोबर १९८८च्या शेवटच्या नोंदीत माझ्याच अक्षरात ‘जखम भरली’ असे दोन शब्द आहेत. आज मी त्यांच्याखाली आणखी दोन ओळी लिहिल्या असत्या: रक्त पुन्हा तपासणे, पुढच्या वेळी पत्नीला सोबत आणणे.